बुजगावण्याच्या उलट

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, मिशिगनमधल्या एका दलदलीच्या बांधावर उभं राहून मी एका माणसावर अन्याय केला. तो माणूस मराठी आहे, साठीला टेकलेला आहे, नोव्हाय गावात गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे, आणि आमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला तीनशे माणसांचा मसालेभात तोच करायचा. 'करायचा' असं लिहावं लागतंय, कारण माझ्यामुळे त्याला मंडळाच्या स्वयंपाकघरातून काढलं. तो अजून बाहेरच आहे.

सगळे त्यांना काका म्हणतात. मीही म्हणते. त्या सकाळी मात्र मी त्यांना ओळखलं नव्हतं.

मी पक्षी मोजायला गेले होते. इथे पाणथळ जागांवर पीएचडी करते. त्याआधी पुण्यात कॉलेजच्या दिवसांत टेकड्या वाचवा, नदी वाचवा यांच्या मोर्च्यांसाठी पत्रकं लिहून माझा हात बसलेला. पत्रक लिहायला शिकवणारे एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात: विशेषणं लोक विसरतात, आकडा विसरत नाहीत. तर त्या सकाळी बांधावरून मला लांबवर दोन माणसं दिसली. चिखलाच्या रंगाचे कपडे, छातीपर्यंत रबरी बूट, कमरेइतक्या पाण्यात उभी. पाण्यावरची बदकं एकेक करून उचलत होती. उचलायचं, मानेभोवती दोरी गुंडाळायची, होडीत टाकायचं. उचलायचं, गुंडाळायचं, टाकायचं. होडीत ढीग. मी फोन झूम केला, फोटो काढला, घरी आले आणि फोटोतली डोकी मोजली. एक्केचाळीस.

दुपारपर्यंत पत्रक तयार होतं. 'एक सकाळ. दोन बंदुका. एक्केचाळीस जीव. गळ्याला दोर.' खाली फोटो. मराठीत एक, इंग्रजीत एक. मराठी पत्रक मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि चहा करायला उठले. चहा उतू जायच्या आत पहिलं उत्तर आलं: 'हा जांभळा मफलर ओळखीचा वाटतोय.' त्याखाली: 'काका???' त्याखाली हात जोडलेले, रडणारे, लालबुंद झालेले चेहरे. कोणीतरी लिहिलं, 'आपल्यातलाच निघाला यार.' संध्याकाळपर्यंत फोटो नेपरव्हिल आणि अल्फारेटाच्या मराठी ग्रुपांत फिरून पुन्हा माझ्याकडे आला, 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा शिक्का घेऊन.

पुढच्या शनिवारी मंडळाची दिवाळी होती. शुक्रवारी अध्यक्षीणबाईंनी काकांना फोन केला. "काका, लोकांच्या भावना आहेत ना. या वेळी तुम्ही किचनमध्ये नका येऊ. म्हणजे, ज्या हातांनी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं, असं काकू नंतर म्हणाल्या.

इथे मला राग येतो, तो लिहूनच पुढे जाते. ज्यांच्या भावना होत्या त्यांना मी ओळखते. जुलैतल्या पिकनिकला ग्रिलवर कोंबडीच्या तंगड्या उलटताना त्यांच्या भावना कुठल्या कूलरमध्ये ठेवलेल्या असतात? ती कोंबडी काय हसत हसत आली होती? पण पत्रक त्यांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

दिवाळीच्या जेवणाला केटररचा पुलाव होता. दाणा न् दाणा मोकळा, आणि चव कशालाच नाही. काका आले होते. झब्बा घालून शेवटच्या रांगेत बसले, नाटुकली पाहिली, टाळ्या वाजवल्या, पुलाव संपवला. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एरवी या वेळी त्यांच्या कपाळावर कांद्याची वाफ असते आणि त्यांच्याभोवती ताट घेऊन उभी असलेली माणसं असतात: "काका, करपलेला द्या ना खालचा."

मी पानसुपारीच्या टेबलापाशी होते. काकू आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक बदक काढलं आणि माझ्या हातात दिलं. हिरवं डोकं, पिवळी चोच. चार केळ्यांएवढंही वजन नव्हतं. पोटाखाली एक दोरी, दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, आणि दोरी मानेभोवती गुंडाळलेली.

"घे," काकू म्हणाल्या. "तुझ्या एक्केचाळिसातलं एक. मीठ-मसाला लावून फ्राय कर. शिजलं तर मलाही बोलव."

प्लास्टिकचं होतं.

मला वाटतं मी बराच वेळ ते बदक उलटंसुलटं करत उभी होते. खालून शिवण होती, बाटलीला असते तशी. 'गळ्याला दोर' हे दोन शब्द मला माझ्याच अक्षरात डोळ्यांसमोर दिसत होते.

"काकू, मला माहीत नव्हतं..."

"ते कळलं मला. विचारायचंस तरी. नोव्हायला राहतो आम्ही, मंगळावर नाही."

तोवर काका मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. भंडाऱ्याकडचा माणूस, चिडला की शब्दांत तिखट उतरतं, हे मी त्यांना फुटबॉलची मॅच बघताना ऐकलंय. ते म्हणाले, "त्या दिवशी आम्ही किती मारली विचार बरं."

"किती?"

"झिरो." मग हसले. "आज तीन आठवडे झाले सीझनला. झिरो, झिरो, झिरो, झिरो. उद्या पहाटे येतेस? बघ तरी काय मारतो ते. फुकटची बदनामी झाली राव, काहीतरी मारलं असतं तर वसूल झाली असती."

मी गेले. एकदा म्हणून गेले आणि डिसेंबरच्या मध्यावर हंगाम संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी जात राहिले. मी शिकारीच्या बाजूची झाले, असं कोणी समजू नये. बंदुकीला मी हात लावला नाही, लावणारही नाही. पण त्या दोन माणसांना मी जे करताना पाहिलं, ते मोर्च्यांतल्या दहा वर्षांत फार थोड्या लोकांना करताना पाहिलंय: ज्या गोष्टीसाठी उठलो ती मिळणार नाही हे ठाऊक असूनही ती नीट करणं.

दुसरा माणूस म्हणजे काकांचा जोडीदार. गोरा, सत्तरी ओलांडलेला, गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवत निवृत्त झालेला. काका नवीन होते तेव्हा त्यांनी डिझाइन केलेला पहिला भाग याच्या साच्यात बसला नाही, आणि याने त्यांच्या डेस्कपाशी येऊन विचारलं, "हे तू झोपेत काढलंस का?" तेव्हापासूनची दोस्ती. त्याच्यासोबत एक काळी लॅब्राडॉर कुत्री. पाण्यात पडलेलं बदक आणून देणं हे तिचं काम. या हंगामात ती बेकार होती आणि त्याचा राग ती लपवत नव्हती.

पहाटे पाचला तिथल्या ऑफिसात चिठ्ठ्या निघतात. कोणाला दलदलीचा कुठला भाग मिळणार ते त्यावर ठरतं. एरवी म्हणे खोली भरून माणसं दाराबाहेर उभी राहायची. मी गेले तेव्हा नऊ माणसं होती. नंतर सात. एका शनिवारी पाच. ज्यांना बदकं हवी होती ते घरी थांबले. उरलेल्यांना काय हवं होतं, हे मला आधी कळेना.

बदकं नव्हती याचं कारण साधं होतं. थंडी नव्हती. उत्तरेकडे, कॅनडात, तळी गोठली की बदकं खाली येतात. तळी गोठलीच नव्हती. नोव्हेंबर अर्धा संपला तरी आम्ही जॅकेट काढून बसत होतो. काका आभाळाकडे बघून म्हणत, "पाहुण्यांनी अजून बॅगाच भरल्या नाहीत." जोडीदार म्हणे, "बॅगा भरल्यात. बायकोला मेकअपला वेळ लागतोय." हाच विनोद दर आठवड्याला व्हायचा आणि दर आठवड्याला दोघं नव्यानं हसायचे.

पहिल्या सकाळी अंधारात होडीतून ती प्लास्टिकची बदकं एकेक करून पाण्यात सोडायची होती. काकांनी मला डोक्यावर बांधायचा दिवा दिला. "ही एक्केचाळीस तू मोजलीस. चव्वेचाळीस आहेत. तिघी फोटोत आल्या नाहीत, लाजल्या."

"याला मराठीत काय म्हणायचं काका?"

"काय म्हणशील तू?"

"बुजगावणं?"

"काहून? बुजगावणं पाखराला हाकलतं. हे तर ये म्हणते." दोरी सोडत, बदक हलकेच पाण्यावर ठेवत ते म्हणाले, "बुजगावण्याच्या उलट. हे बोलावणं. तुझी काकू हळदीकुंकवाचं पाठवते ना, तसं. यायचं की नाही ते पाहुण्यांनी ठरवायचं."

तेव्हापासून आम्ही तिघंही त्यांना बोलावणी म्हणायला लागलो. जोडीदाराच्या तोंडात त्याचं 'बोलोनी' झालं. "बोलोनी इकडे सरकव," असं तो मलाच सांगायचा, आणि मी सरकवायचे.

बोलावणी मांडणं ही एक विद्या आहे. वारा पाठीमागून हवा, कारण बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. मधे मोकळं पाणी हवं, उतरायला अंगण असावं तसं. काही बोलावणी दाटीनं, काही सुटी, एखादी जोडी जरा रुसून लांब. काका ते गौरीपुढच्या आराशीसारखं मांडायचे: ठेवलं, दोन पावलं मागे, मान तिरकी, पुन्हा पुढे. बदकं येत नव्हती म्हणून मांडणी ढिली झाली नाही. उलट दर आठवड्याला नवी होत गेली. एकदा चव्वेचाळीसपैकी फक्त नऊ सोडली. "गर्दी बघून बुजत असतील. आज साधं घरगुती." एकदा एका बोलावण्याला दोरी बांधून लपणीतून झटके दिले, म्हणजे पाणी हलतं आणि बाकीची जिवंत वाटतात. दोरी ओढायचं काम माझं. तासभर ओढली. एक बगळा आला, आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

"त्यालाही पटलं नाही," जोडीदार म्हणाला.

मग लपणीत बसायचं. लपण म्हणजे पाणगवतानं झाकलेला लाकडी बाक, तिघं आणि एक कुत्री मावतील एवढा. तिथे कामं असतात हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या लोकांनी टाकलेली रिकामी काडतुसं गोळा करायची. गवताच्या पेंढ्या नव्यानं बांधायच्या. तुटलेल्या बोलावण्यांच्या दोऱ्या बदलायच्या. जोडीदार खिशातल्या छोट्या वहीत सगळं लिहायचा: वारा, पाणी किती बोटं चढलं, हंस किती, कस्तुर कुठे. कस्तुर म्हणजे इथलं उंदरासारखं पाण्यातलं जनावर, तेही तो मोजायचा. मी ती वही चाळली. माझ्या रिसर्चसाठी मी शनिवारी दोन तास बांधावर उभी राहून जे मोजत होते, ते हा माणूस तीस वर्षं पाण्यात बसून मोजत आला होता. कोणी मागितलं नव्हतं.

खाणं काकूंच्या डब्यातलं. जोडीदार पातळ पोह्यांच्या चिवड्याला 'रागीट सीरिअल' म्हणतो आणि खोबऱ्याचे काप निवडून कुत्रीला देतो. एकदा काकांनी त्याला विचारलं, "अरे, ही पोरगी आपल्या विरोधात आहे माहिती आहे ना तुला? हिनंच तो फोटो टाकला."

मला तिथल्या तिथे पाण्यात उतरावंसं वाटलं. म्हाताऱ्यानं चिवडा चावत माझ्याकडे पाहिलं.

"फोटोत मी जाड दिसत होतो का?"

"ते बूट होते," मी म्हणाले.

"ठीक आहे मग."

आणि त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. एवढंच.

परत जाताना ऑफिसातल्या खोक्यात एक कार्ड टाकायचं असतं: किती वेळ बसलात, किती पक्षी मारले. खिडकीपाशी बऱ्याचदा कोणी नसायचं. कार्ड न टाकता गेलं तर कोण विचारणार? पण शून्य लिहायलाही दोघं थांबायचे. काका चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून शून्य लिहायचे, गोल, पुरं, कुठे न तुटलेलं. मी म्हटलं, शून्यच तर आहे. "शून्यच तर सांगायचं असते," ते म्हणाले. "सगळे मारलेलंच सांगतील तर यांना कळणार कसं, पक्षी आले की नाही आले? पुढच्या वर्षी किती मारू द्यायची ते यावर ठरतं."

पुढच्या वर्षी आपल्याला कमी मारायला मिळावीत, याचा पुरावा हा माणूस चष्मा पुसून देत होता.

ती दलदल कोणाच्या पैशावर उभी आहे, हेही मला तिथेच कळलं. बांध, पंप, पाणी सोडायची दारं: बरंचसं शिकारीच्या परवान्यांतून आणि बदकाच्या तिकिटातून. हे तिकीट म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखा चित्राचा कागद, दरवर्षी घ्यावा लागतो, आणि तो विकून आलेला पैसा पाणथळ जागा वाचवण्यात जातो. शिकार न करणाऱ्यालाही घेता येतो. मी पाणथळ जागांवर चार पत्रकं लिहिली होती आणि एकही तिकीट घेतलं नव्हतं. आता घेतलंय. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगते.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी, एकदाची थंडी पडली. लपणीच्या फळीवर पांढरं आलं होतं, कॉफीच्या झाकणातून वाफ. गोळी झाडायला सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते. जोडीदारानं घड्याळ पाहून बोट वर केलं, आणि जवळजवळ त्याच क्षणी डाव्या हाताला, धुक्यातून, पाण्याला चिकटून तीन पक्षी आले. थेट बोलावण्यांवर. कुत्री ताठ झाली. काका उठले, बंदूक खांद्याला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पक्ष्यांची नाही, काकांची काळजी वाटत होती. या माणसाला एक मिळू दे, असं माझ्या मनात आलं. मी, मोर्चेवाली.

तिघेही पंचवीस पावलांवरून गेले. बंदूक त्यांच्यामागे फिरली आणि खाली आली.

"काय झालं?" जोडीदार कुजबुजला.

"ओळख पटली नाही."

"बदकं होती!"

"असतील. टिबुकली पण अशीच येते, पाण्याला घासत." टिबुकली म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा छोटा पक्षी. तिला मारायला बंदी आहे. "उजेड नव्हता. खात्री नव्हती."

त्याच वेळी पलीकडच्या गवतातून आवाज आला. क्वॅक, क्वॅक, क्वॅक, क्वॅक. खणखणीत. टिबुकली असं बोलत नाही. बदकंच होती, कायदेशीर, सहा आठवड्यांत बोलावणं मान्य करून आलेले पहिले पाहुणे.

जोडीदारानं टोपी काढून तोंडावर धरली आणि त्यात हसला. "ऐकलंस? तुझं नाव घेऊन आभार मानतायत."

"मानू दे."

"सहा आठवडे! सहा आठवडे मी तुझ्या शेजारी गारठतोय."

"तुला दिसली होती ना? मग तू का नाही झाडली?"

म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मलाही खात्री नव्हती," तो म्हणाला, आणि दोघं इतके हसले की कुत्री उठून आमच्याकडे पाठ करून बसली.

मी हसले नाही. माझ्या डोक्यात नऊ वाजून चाळीस मिनिटं वाजली होती. भर उजेड होता तेव्हा. हातात झूम होणारा फोन होता, घाई कसलीच नव्हती. शंभर पावलं चालत जाऊन "हे काय आहे हो?" एवढं विचारायचं होतं. धुक्यात, तीन सेकंदांत, सहा आठवड्यांची भूक पाठीशी असताना या माणसानं जे केलं, ते मला सबंध दुपारभरात सुचलं नाही. मी झाडली. आणि माझी गोळी अजून फिरते आहे.

काकांनी त्या सकाळबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. मोठेपणा केला असं त्यांना वाटलंच नव्हतं. बंदुकीला कुलूप लावतात तसंच हे. नऊ वाजता आभाळ पुन्हा रिकामं झालं, आणि ते पेंढ्या बांधायला लागले.

हंगाम संपला तेव्हा दोघांची मिळून तीन बदकं झाली होती. तिसऱ्याचं काकांनी जोडीदाराच्या घरी सुक्कं केलं, खसखस आणि सुकं खोबरं भाजून, आणि काकूंनी स्वतःसाठी वेगळं वरण लावलं. त्या शाकाहारी आहेत. तीसेक वर्षांचा संसार आहे, आणि त्यात कोणी कोणाला स्वयंपाकघरातून काढलेलं नाही.

मी खुलासा लिहिला. डिसेंबरातच. 'फोटोतली बदकं प्लास्टिकची आहेत. त्या दिवशी एकही पक्षी मेला नाही. चूक माझी आहे.' विशेषण नाही, आकडा बरोबर. ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या रूममेटचा. मूळ पत्रक गावोगाव फिरलं. खुलासा पार्किंग लॉटमधूनही बाहेर पडला नाही. मी अध्यक्षीणबाईंना फोन केला.

"अगं, तो विषय मिटलाय ना आता," त्या म्हणाल्या. "कशाला उकरून काढतेस?"

"काकांना परत किचनमध्ये घ्या. मग मिटेल."

"प्लास्टिकची होती हे मान्य. पण ते जातात तर शिकारीला? खरी मारतात ना कधीतरी?"

"तुम्ही पिकनिकला काय खाल्लंत?"

"ते वेगळं."

काय वेगळं? विकत आणलेलं, म्हणून? दुसऱ्या कोणीतरी मारलेलं, आपण न पाहिलेलं, म्हणून? मी हेच विचारलं. त्यांना दुसरा फोन आला.

संक्रांतीला केटरर. पाडव्याला केटरर. काका दोन्हीला आले, शेवटच्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या. पाडव्याच्या वेळी मी पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना ते थबकले. आत केटररची पोरं थंड पुलावाचे ट्रे फोडत होती. काकांनी हात मागे बांधले होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मग ते खुर्चीवर जाऊन बसले. बदकं न येणाऱ्या आभाळाखाली सहा आठवडे ज्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला नाही, त्यांचा चेहरा त्या दारापाशी पाहिला.

मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की मी हे लिहिणार आहे, मंडळाच्या स्मरणिकेत, सगळ्यांना कळेल असं.

"सोड गं पोरी," ते म्हणाले. "भातच तर आहे."

काकू आतून ओरडल्या, "ते म्हणतात सोड. मी म्हणते सोडू नको!"

मी सोडत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या हॉलमध्ये होते. काहींनी तो फोटो पुढे पाठवला, काहींनी काकांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली, काहींनी नुसता पुलाव खाल्ला आणि गप्प राहिले. माझी चूक मोठी आहे, ती मी माझ्याकडे ठेवते. तुमची तुम्ही घ्या. या दिवाळीच्या स्वयंपाकाची यादी अजून ठरलेली नाही. ग्रुपवर अंगठा नको, हात जोडलेलं चित्र नको. जेवढ्यांना तो फोटो पाठवलात तेवढ्यांना एकेकाला फोन करून खरं सांगा. मग गाडी काढा, नोव्हायला जा, काकांची बेल वाजवा, आणि दारात उभं राहून तोंडानं म्हणा: "चुकलो. भात तुम्हीच करा."